डाव्या चाकाचा तिसरा नट

आमच्या गावात कोणताही निर्णय जुन्या ट्रकच्या डाव्या मागच्या चाकावर नट आवळून पक्का करतात, आणि नट आवळला जात असताना सगळ्यांनी ट्रककडे पाठ करून उभं राहायचं, का ते विचारायचं नाही, असा नियम आहे. नट बसला की निर्णय लागू होतो. मग तो मोडायचा म्हटलं तरी मोडता येत नाही. हात वळत नाही, पाय उचलत नाही, शटर हलत नाही. शेजारच्या गावांत ठराव वहीत लिहितात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. आमच्या धोंडसईत तशी सोय नाही.

ट्रक देवळासमोरच्या पिंपळाखाली उभा असतो. लांब नाकाचा, लाकडी हौद्याचा, पेट्रोलवर चालणारा. हिरव्या रंगाचे पापुद्रे निघतात तिथे खाली खाकी दिसतो. आमच्या आजोबांच्या काळी तो कासारघाट उतरून आला आणि पुढे रस्ताच नव्हता म्हणून इथेच राहिला. त्याच्यासारखा देखणा ट्रक मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या मागच्या चाकाला आठ बोल्ट आहेत. त्यातल्या सातांवर नट आहेत, आठवा रिकामा आहे.

दुसऱ्या नटामुळे बाजारातली शटर रात्री नवाला आपोआप खाली येतात आणि सकाळपर्यंत उघडत नाहीत. पहिल्यामुळे सोमवारी कुणाच्या चुलीवर मासळी शिजत नाही, गॅस कितीही मोठा केला तरी कालवण गारच राहतं. चौथा आणि सातवा शेळ्यांसाठी आहेत. सहावा सगळ्यांत जुना, त्यावर काय आवळलंय ते कुणालाच आठवत नाही. गावात जे कधीच घडलेलं नाही, त्यापैकी काहीतरी ते असणार, एवढंच आम्हाला माहीत आहे. तिसरा नट मी जन्मल्यापासून माझ्या वाट्याला आला आहे. ज्येष्ठ माणसाने ‘बस्स’ म्हटलं की धाकट्या माणसाचा आवाज जातो. तोंड हलतं, मान हलते, हातवारे होतात, पण ऐकू काही येत नाही. ज्येष्ठ तिथून निघून जाईपर्यंत आवाज परत येत नाही. माझ्या वाट्याचं बोलणं मी बहुतेक असंच, ऐकू न येणारं बोलले आहे.

आणि पाचवा नट हौसाआत्याचा आहे.

नट आवळायचं काम आमच्या घराकडे आहे. आम्ही शेलार. आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या आधी आजोबा. पाना ट्रक कमिटीच्या कपाटात कुलपात असतो आणि निर्णय आवळायचा असेल तेव्हाच किंवा खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर निघतो. जुन्या मापाचा आहे, त्या नटांना दुसरा कुठलाच पाना बसत नाही. लहानपणी डिझेलची बाटली आणि चिंधी धरायला आबा मला बरोबर नेत. सगळं गाव पाठ करून घाटाकडे बघत उभं असे आणि मी, बोल्टवरचा गंज पुसायचा म्हणून, चाकाकडे तोंड करून बसलेली असे. मी दहा वर्षांची होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबा नट डावीकडे फिरवून आवळतात. हापसा, सायकल, ट्रॅक्टर, टेम्पो, जगातलं सगळं उजवीकडे आवळलं जातं. आमचा नट उलटा.

“आबा, हे उलटं का?”

“विचारायचं नाही.”

“पण का?”

“हेही विचारायचं नाही.”

बोल्टच्या तोंडावर इंग्रजी एल कोरलेला आहे. तो लक्ष्मीचा आहे असं कमिटीचं म्हणणं आहे, म्हणून त्यावर हळदकुंकू वाहतात.

उत्तर मला मिळालं ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी. सरांनी फळ्यावर चाक काढलं आणि अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं. गाडी पुढे पळते तेव्हा डाव्या बाजूच्या चाकावरचा सरळ आट्यांचा, म्हणजे उजवीकडे आवळला जाणारा, नट हळूहळू सुटायला बघतो. म्हणून जुन्या गाड्यांना डावीकडे उलटे आटे पाडत. मग गाडी जितकी पुढे जाईल तितका तो नट आपणहून आवळत जातो. एल म्हणजे लेफ्ट, डावा. सर पुढच्या विषयाकडे वळले, मी मात्र तिथेच राहिले. ज्या कुणी हे पहिल्यांदा शोधून काढलं त्याच्या डोक्याला माझा नमस्कार असो. चाक फिरतंय म्हणून नट सुटतोय, तर त्याने चाक थांबवलं नाही, नटाला शिव्या दिल्या नाहीत. त्याने आटे उलटे पाडले आणि जी ताकद नट सोडवत होती तिलाच तो आवळायच्या कामाला लावलं.

गाव दर दसऱ्याला ट्रक का फिरवतं तेही मला त्या दिवशी कळलं. देवळाला एक फेरी मारली की साती निर्णय आणखी घट्ट होतात. आणि निर्णय सोडवायला गेलेल्यांचं काय झालं तेही कळलं. मी शाळेत असताना बाजारातल्या तीन दुकानदारांनी कपाटाचं कुलूप फोडून पाना पळवला, त्याला लांब पाइप लावला आणि तिघांनी मिळून दुसरा नट जोर लावून फिरवला. अर्थातच डावीकडे, सगळं जग सोडवतं तसा. दुसऱ्या दिवसापासून शटर नवाऐवजी साडेआठला पडायला लागली. तेव्हापासून विरोध करायची कुणाची हिंमत झाली नाही. विरोध केला की नियम घट्ट होतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

रीतसर सोडलेला नट मी एकदाच पाहिला आहे. गणपतीत दुकानं रात्रभर उघडी राहावीत म्हणून कमिटीने आबांना दुसरा नट काढायला सांगितला. पण उलट्या आट्यांवरचा नियम पूर्ण सुटला की उलटा लागू होतो. रात्र झाली तरी शटर खाली ओढताच येईनात. गुरं किराणा दुकानात शिरली आणि त्यांनी शेंगदाणे खाल्ले. विसर्जन झाल्यावर नट परत बसवला तेव्हा कुठे दुकानं बंद झाली, तीही पुन्हा पूर्वीसारखी नवाला. तेव्हापासून कमिटीने नट काढणं बंद केलं.

आता हौसाआत्याबद्दल. ती आबांची थोरली बहीण.

आत्या वीस वर्षांची असताना हा ट्रक एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन घाट उतरत होता. आत्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, कारण मागे तिला मळमळायचं. मधल्या उतारावर ड्रायव्हरला फीट आली. त्याचं डोकं खिडकीवर आपटलं आणि ट्रक सुटला. आत्याने त्याला एका हाताने बाजूला ढकललं, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलं. ब्रेक दाबला तर तो तळाला गेला. ती गाडी शिकली नव्हती, पण चालवणाऱ्याकडे तिने नीट बघितलेलं होतं, तेवढ्यावर तिने खालचा गिअर टाकला, ट्रक डोंगराच्या अंगाला घासत नेला आणि म्हसोबाच्या धोंड्याजवळ थांबवला. वऱ्हाडातल्या सगळ्यांचं हाड न् हाड शाबूत. फक्त ढोल फुटला. हे मी आत्याकडून कधीच ऐकलं नाही. ज्याचा ढोल फुटला तो अजून सांगत असतो.

संध्याकाळी कमिटी बसली. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, पोरीने सगळ्यांना वाचवलं हे उत्तम झालं, पण अशा पोरीच्या पायाला घाट लागला तर ती खाली राहायची नाही. ‘हौसा घाट चढणार नाही’ असा निर्णय झाला. आबांच्या हातात नुकताच पाना आला होता. सगळ्यांनी पाठी फिरवल्या. पाचवा नट बहिणीसाठी भावाने आवळला.

तेव्हापासून आत्या घाटाकडे चालत निघाली की पहिल्या वळणावर तिचं तोंड गावाकडे होतं. ती वळत नाही, वळलेली असते. एस.टी.त बसली तर एस.टी. पुढे जाते आणि आत्या पिशवीसकट वळणावर उभी असते. कंडक्टर लोक चांगले आहेत. ते तिला वळणापर्यंतचंच तिकीट देतात. ती रडत बसली नाही. वळणावर तिने टपरी टाकली. घाट चढणाऱ्या प्रत्येक ट्रकचा आवाज ऐकून, कपात चहा ओतता ओतता, ती सांगते, “तुझा गिअर उशिरा पडतोय रे,” किंवा, “मागचं डावं बेअरिंग बघून घे.” तेव्हापासून वर न गेलेली बाई वर जाणाऱ्या सगळ्या गाड्या ओळखते. मी मेकॅनिकल घेतलं ते आत्यामुळे. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग चहा तरी नीट कर. पाणी उकळण्याआधी पत्ती टाकतेस.”

माझं कॉलेज समुद्राच्या बाजूला होतं, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. नोकरी मात्र घाटावर लागली. वरच्या शहरातल्या बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये. दसरा झाला की हजर व्हायचं होतं. मी आत्याला म्हणाले, “मी तुला नेणार बरोबर.”

“कशात घालून नेशील? डब्यात?”

“आत्या, मी गंमत करत नाही.”

“मी तरी कुठे करतेय. वळणापर्यंत येते मी. तिथून हात हलवायची मला चांगली सवय आहे.”

त्या वर्षी एक गोष्ट वेगळी होती. आदल्या दसऱ्याला ट्रकचं इंजिन सुरू झालं नव्हतं. गावाने ठरवलं, ढकलत फेरी मारू. पण देवळापुढे चढ आहे, पुढे ढकलून ट्रक जाईना. मग रावजीबापू, म्हणजे कमिटीचे आताचे अध्यक्ष, म्हणाले, “मागे ढकला. देवाला फेरी ती फेरी.” साठेक माणसांनी ‘हर हर महादेव’ म्हणत ट्रक उलटा देवळाभोवती फिरवला. चाकं उलटी फिरली. मी पाहत होते. मला कळत होतं काय होतंय. मी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. मला तसंच तर शिकवलं होतं.

त्यानंतर वर्षभर गावात बारीकसारीक फरक पडला. शटर रात्री बोटभर उचलली जाऊ लागली. सोमवारी मासळीचा वास येऊ लागला, मासळी मात्र शिजेना. आत्या पहिलं वळण ओलांडून दुसऱ्यापर्यंत पोचली आणि तिथे तोंड फिरलं. तिने दुसऱ्याच दिवशी टपरी तिथे हलवली. आणि चैत्रात कमिटीचे गणूतात्या बांधावरच्या भांडणात शेजाऱ्याला म्हणाले, “माझं चु...” आणि थांबले. पुढचं अक्षर निघेना. त्यावरून सहाव्या नटावर काय असावं याचा आम्हाला थोडा अंदाज आला.

पावसाळ्यात आबांचा खांदा धरला. उजवा हात कानापर्यंत जाईना. आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रावजीबापू आमच्या ओटीवर आले. त्यांच्याबरोबर गणूतात्या.

“पोरीची नोकरी ऐकली,” बापू म्हणाले. “अभिमान वाटला.”

“पेढे घ्या,” मी म्हणाले.

“घेतो. पण बाळ, दत्तूचा खांदा गेला. आता पाना धरणार कोण?”

“मुलगी पाना धरत नाही असं तुम्हीच म्हणत होता.”

“परिस्थिती बघून बोलावं लागतं. गावात हे काम येणारी तू एकटी. तू वर गेलीस तर इथे निर्णय ढिले पडतील. म्हणून आम्ही ठरवलं, आठवा बोल्ट रिकामा आहे.”

“कशासाठी?”

“ ‘प्रणोती घाट चढणार नाही’,” गणूतात्या म्हणाले आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की कुणीच हसत नाही.

“आणि तो आवळायचा कुणी?”

“तूच,” बापू म्हणाले. “दुसरं आहे कोण? शिक्षणाचा गावाला उपयोग झाला पाहिजे.”

“म्हणजे मीच माझे पाय...”

“बस्स,” बापू म्हणाले.

माझा आवाज गेला. घशातून पुसट घरघर तेवढी आली, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ते उठून फाटकाबाहेर जाईपर्यंत मी जे बोलले ते कुणीही ऐकलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. चांगलं बोलले होते.

रात्री जेवताना आबा म्हणाले, “मी काही बोलू शकत नाही.”

“तुम्हाला कुणी बस्स म्हटलंय?”

“नाही.”

“मग?”

ते भात कालवत राहिले.

खंडेनवमीला सकाळी पिंपळाखाली सगळं गाव जमलं. पाना धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पाटावर ठेवला होता. शेजारी नवा नट. बापूंनी तो शहरातून मुद्दाम बनवून आणला होता, एवढी त्यांची तळमळ. आत्या टपरी बंद करून आली होती आणि ट्रकच्या बॉनेटला टेकून उभी होती, म्हाताऱ्या बैलाजवळ उभं राहावं तशी.

“प्रणोती घाट चढणार नाही,” बापूंनी खणखणीत आवाजात सांगितलं. “पाठी फिरवा.”

सगळ्यांनी घाटाकडे तोंडं केली. मी पाना उचलला. तो हातात इतका नीट बसला की क्षणभर मला सगळ्याचा विसर पडला. कुठल्या तरी लोहाराने किंवा कारखान्यातल्या कामगाराने तो दांडा असा वळवला होता की मनगटाला जोर पडू नये. मी चाकासमोर बसले आणि काहीच केलं नाही.

“झालं का?” बापूंनी पाठमोरं विचारलं.

“नाही.”

सगळं गाव थांबलं. पिंपळाची पानं वाजत होती.

“आता?”

“नाही.”

“नट बसत नाहीये का?” गणूतात्यांनी विचारलं.

“नट बसतोय. मी बसवत नाहीये. बापू, मला नोकरीवर हजर व्हायचंय. मी आत्यालाही नेणार आहे. चाळीस वर्षं तिने घाटाचं दुसरं टोक पाहिलेलं नाही. तिने तुमच्या आईला वाचवलं त्या ट्रकमध्ये. तुमची आई मागे बसली होती ना हौद्यात?”

बापूंच्या पाठीत काहीतरी हललं. मग ते म्हणाले, “बस्स.”

माझा आवाज गेला, पण पूर्ण गेला नाही. मी म्हणाले, “मी हे करणार नाही,” आणि ते कुजबुजल्यासारखं, फाटक्या पिपाणीतून यावं तसं, ऐकू आलं. पहिल्या रांगेने ऐकलं. दुसऱ्या रांगेने पहिल्या रांगेला विचारलं. बापू वळले. नट आवळायच्या वेळी ट्रककडे वळलेला ज्येष्ठ माणूस मी प्रथमच पाहिला.

“तिसरा ढिला झालाय,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. “गणू, तिसरा ढिला झालाय! ‘बस्स’नंतर बोलली ती!”

“ऐकलं मी,” गणूतात्या म्हणाले. ते वळले नाहीत. ते नियम पाळणारे गृहस्थ आहेत.

“दत्तू, आधी तिसरा आवळ.”

आबा पुढे आले. त्यांनी हात उचलून दाखवला. तो कोपरापर्यंत उचलला गेला आणि थांबला.

“प्रणोती, तू आवळ.”

मी मान हलवली. मानेवर नट नाही.

“आण तो पाना इकडे,” बापू म्हणाले. “दोन पिढ्या आवळतायत म्हणून काय विद्या आहे का ती? घरचा हापसा मीच आवळतो. गॅसचं रेग्युलेटर मीच बसवतो.”

त्यांनी माझ्या हातून पाना घेतला, सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, गुडघ्यावर बसले आणि तिसऱ्या नटावर पाना अडकवला. मग थांबले. वर आबांकडे पाहिलं.

“दत्तू, हा फिरवायचा कुठल्या...”

“बापू,” गणूतात्या पाठमोरेच म्हणाले, “विचारायचं नाही.”

“हो,” बापू म्हणाले. “ते खरं.”

मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाला कुणीही कुलूप घातलेलं नव्हतं, आणि ते गप्प होते. पण हे गप्प बसणं मी आधी त्यांच्यात कधी पाहिलेलं नव्हतं. ते हळूच वळले आणि इतरांसारखे घाटाकडे तोंड करून उभे राहिले.

बापूंनी पाना उजवीकडे ओढला. हापशासारखा. आधी नट हलेना. मग करकरला आणि फिरला.

“बघा!” बापू आनंदाने म्हणाले. “किती जागा होती आत! किती ढिला ठेवला होता याने!”

“आवळा, आवळा,” गावाने पाठमोरं सांगितलं.

बापू आवळत राहिले. त्यांना घाम आला. पाना अगदी सहज फिरू लागला तेव्हा त्यांना स्वतःच्या ताकदीचं कौतुक वाटलं असावं, कारण त्यांनी शेवटचे फेरे नुसत्या बोटांनी फिरवले. नट बोल्टवरून निघून त्यांच्या धोतराच्या ओच्यात पडला.

बापू त्याच्याकडे बघत राहिले. “बाहेर आला,” ते म्हणाले.

गणूतात्यांनी विचार केला. “जास्त आवळला गेला,” ते म्हणाले.

मी घसा खाकरला. खाकरणं लख्ख ऐकू आलं. मी पुढे होऊन बापूंच्या हातून पाना घेतला, तो त्यांनी सोडला, कारण त्यांचं लक्ष नटाकडे होतं. मी पाचव्या नटावर पाना लावला.

“आत्या, इकडे ये.”

“मला कशाला बोलावतेस? तुला येतं ना?”

“तुझा आहे तो.”

आत्या आली. तिने पदर खोचला, दांड्यावर दोन्ही हात ठेवले, आणि मी काही सांगायच्या आत उजवीकडे जोर दिला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने चाळीस वर्षं डाव्या चाकांचे आवाज ऐकले होते. नट गंजला होता, मी त्यावर डिझेल सोडलं. करकर करत तो निघाला.

आत्याचे पाय तिथल्या तिथे घाटाकडे वळले. एक पाऊल पडलं, मग दुसरं.

“अगं बाई,” ती म्हणाली. “हे थांबत नाहीत गं.”

“थांबवू नकोस.”

लोकांनी वाट दिली. आबांच्या शेजारून जाताना तिचा वेग त्यांना हात लावता येईल एवढाच होता. आबा म्हणाले, “हौसे, माझं चु...” आणि थांबले. ओठ आवळले, परत उघडले. सहावा नट अजून जागेवर होता.

“कळलं,” आत्या चालता चालता म्हणाली. “खांद्याला शेक घे.”

ती देवळाच्या वळणावर पोचली तेव्हा बापू भानावर आले. एका हातात तिसरा नट आणि दुसऱ्यात आठवा घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. मागे कमिटी. आता सगळ्यांची तोंडं ट्रककडे होती.

“बाळ,” बापू म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यात खोटेपणा नव्हता. “हे दोन नट गेले की उरलेल्यांवर ताण येतो. हे तू मला शिकवायला हवंस, पण मीच तुला सांगतो. चाक निघेल. गाव चालणार कशावर? हा तिसरा बसव. हौसेचा बसव. मग हा तुझा. तुझ्या हाताला येतं, आमच्या हाताला येत नाही, हे मी सगळ्यांसमोर कबूल करतो. यापेक्षा जास्त मी आयुष्यात कुणापुढे बोललेलो नाही.”

ते खरं होतं. मी ट्रककडे पाहिलं. कुणीतरी एका चांगल्या कल्पनेवर तो बांधला होता. चाक पुढे गेलं की माणसं सुखरूप राहावीत, एवढीच ती कल्पना होती. मी त्याच्या मडगार्डवर हात ठेवला. ऊन लागून पत्रा तापला होता.

“ट्रकला नवे नट मी वरून पाठवीन,” मी म्हणाले. “नुसते नट. त्यांच्यावर काही न बोलता बसवायचे. डावीकडे फिरवून.”

“डावीकडे?” गणूतात्या म्हणाले. “का?”

धोंडसईत हा प्रश्न ज्येष्ठ माणसाने विचारलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांना स्वतःलाच दचकायला झालं.

“ते नंतर बघू,” बापू म्हणाले आणि दोन्ही नट माझ्यापुढे धरले. “आधी हे बसव. बसव म्हणतो ना. बस्स.”

माझा आवाज जागेवर होता.

“नाही, बापू,” मी म्हणाले. “मी बसवणार नाही. बस्स.”

रावजीबापूंचे ओठ हलले. मान हलली. त्यांनी नट धरलेला हात वर केला, खाली केला, गणूतात्यांकडे पाहिलं, आणि गणूतात्यांचेही ओठ हलत होते.